द्रव्य तेच, आकृती निराळी : एक प्रस्तावना

कारखान्यांवर देखरेख करणारी सरकारी खाती उपद्रवी पदार्थांचा जो जाबता बाळगतात, तो पदार्थांच्या नावांनुसार रचलेला असतो. शिसे, पारा, सोमल, बेंझीन अशी नावे एकाखाली एक लिहून, प्रत्येकासमोर कामगाराच्या श्वासातील हवेत त्याचे प्रमाण किती असावे याचा आकडा नोंदवायचा, ही पद्धत कारखानदारीच्या दीर्घ आणि बऱ्याच अंशी दुःखद अनुभवातून सिद्ध झालेली असून, पदार्थाची रासायनिक घडण कळली म्हणजे त्याचे गुणदोष कळले, या गृहीतावर ती उभी आहे. शिसे छापखान्याच्या खिळ्यांत असो, रंगाच्या डब्यात असो वा पाण्याच्या नळात असो, शरीरात गेल्यावर ते शिसेच राहते, आणि म्हणून हे गृहीत बहुतेक ठिकाणी खरेही ठरते. कार्बनच्या ज्या अब्जांश नलिकांना प्रयोगशाळांत व बाजारात कार्बन नॅनोट्यूब म्हणतात, त्यांनी मात्र या जाबत्याची चांगलीच पंचाईत करून ठेवली. त्यांची भुकटी डब्यांत भरून विक्रीस येऊ लागली, तेव्हा डब्याबरोबर द्यावयाच्या सुरक्षा-पत्रकात धोक्याच्या रकान्यात काय लिहावे, हा प्रश्न उत्पादकांपुढे उभा राहिला. आणि नलिका शुद्ध कार्बनची, तिची भिंत ग्रॅफाइटच्याच पापुद्र्याची, सबब तिला ग्रॅफाइटचे नियम लागू, असे रसायनशास्त्राच्या दृष्टीने बिनचूक उत्तर त्यांतील अनेकांनी शोधून काढले. पेन्सिलीच्या गाभ्यातील त्या सोशिक पदार्थाच्या कृत्रिम प्रकाराला अमेरिकेच्या कायद्यात, श्वासावाटे खोल जाऊ शकणाऱ्या धुळीपुरती, हवेच्या घनमीटरमागे ५ मिलिग्रॅमची मुभा होती. तीच मुभा या नव्या भुकटीला बिनबोभाट मिळाली.

हे उत्तर देणारे सर्वच लबाड होते, असे मला वाटत नाही. दप्तरात जो रकानाच नव्हता, त्यात त्यांनी काही लिहिले नाही, इतकेच. परंतु प्राण्याचे फुप्फुस आत आलेल्या तंतूची परीक्षा मुख्यतः त्याच्या लांबीवरून, जाडीवरून, ताठपणावरून आणि तो किती काळ न विरघळता टिकतो यावरून करते, घटकद्रव्याची विचारपूस त्यानंतर. आणि हा भेद ध्यानी न घेतल्यामुळे विसाव्या शतकात मनुष्यजातीने फार मोठी किंमत मोजलेली आहे. प्रस्तुत ग्रंथाचा विषय हाच आहे, आणि ग्रंथकारांनी मला दोन शब्द लिहावयास सांगितले तेव्हा, विषय रसायनाचा असला तरी त्याचा पेच पुष्कळसा कायद्याचा व कारभाराचा आहे, हे जाणून मी ते मान्य केले.

प्रथम वस्तूची ओळख करून घेणे इष्ट. कार्बनचे अणू षट्कोनांच्या जाळीत गुंफले जाऊन जो एका अणूइतक्या जाडीचा पापुद्रा बनतो, त्याची गुंडाळी करून कडा बेमालूम जोडल्या असे कल्पिले, म्हणजे एकपदरी नलिका डोळ्यांपुढे येते. तिचा व्यास सुमारे १ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लक्षांश भागाइतका. अशा अनेक नलिका एकीत एक बसल्या म्हणजे बहुपदरी नलिका होते आणि तिचा व्यास १० पासून १०० नॅनोमीटरपर्यंत जाऊ शकतो. मनुष्याच्या केसाची जाडी ८० हजार नॅनोमीटरच्या आसपास असते, हे लक्षात घेतले म्हणजे या मापांचा थोडासा अंदाज येईल. लांबी मात्र काही मायक्रॉनांपासून कित्येक दशक मायक्रॉनांपर्यंत, क्वचित त्याहूनही पुष्कळ अधिक. म्हणजे जाडीच्या शेकडो, हजारो पट. पोलादाच्या पाचपट ताठपणा, वजन अत्यल्प, विजेचे वहन उत्तम. असा गुणसमुच्चय एका ठिकाणी मिळाल्यावर उद्योगांनी त्याच्यामागे धावावे, यात नवल ते काय? प्लास्टिकला बळकटी आणण्यासाठी, रंगांत, टेनिसच्या रॅकेटींत, सायकलींच्या सांगाड्यांत, आणि आता सर्वांत मोठ्या प्रमाणावर लिथियम-आयन बॅटरीच्या विद्युत्‌अग्रांत वहन सुधारण्यासाठी ह्या नलिका मिसळल्या जातात.

त्यांचा शोध कोणी लावला, हा वाद येथे विस्ताराने मांडण्याचे कारण नाही. जपानातील त्सुकुबा येथे एनईसी कंपनीच्या प्रयोगशाळेत सुमिओ ईजिमा यांनी १९९१ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या पाहिल्या आणि 'नेचर' नियतकालिकात वर्णिल्या, तेव्हापासून जगाचे लक्ष तिकडे गेले, हे खरे. पण १९५२ साली रादुश्केविच व लुक्यानोविच या रशियन शास्त्रज्ञांनी तशाच पोकळ कार्बनतंतूंची छायाचित्रे प्रसिद्ध केली होती, आणि १९७६ साली मोरिनोबु एन्दो व त्यांच्या सहकाऱ्यांनीही. ईजिमांच्या पाठोपाठ, १९९२ साली, त्याच प्रयोगशाळेत थॉमस एब्बेसन आणि काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात शिकलेले पुलिकल अजयन यांनी त्या ग्रॅमच्या हिशेबाने बनविण्याची रीत दाखविली. पुढे नागोया येथील मेइजो विद्यापीठात मुकुल कुमार व योशिनोरी आन्दो यांनी कच्चा माल म्हणून चक्क कापूर वापरून त्या बनविल्या. आरतीच्या तबकातील कापरापासूनही ती वस्तू निपजते, ही गोष्ट मला फार बोधक वाटते. कच्च्या मालाचे सात्त्विकपण तयार मालाला जामीन राहू शकत नाही.

ही वस्तू सर्वस्वी आधुनिक आहे, असेही नाही. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील पेटर पाउफलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सतराव्या शतकातील एका दमास्कस तलवारीचा तुकडा आम्लात विरघळवून पाहिला असता त्यात कार्बनच्या नलिका आढळल्याचे २००६ साली जाहीर केले. आणि अशा तलवारींचे पोलाद आपल्या दक्षिणेतील भट्ट्यांतून जात असे, हे इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. ग्रीनलंडमधील सुमारे १० हजार वर्षांपूर्वीच्या हिमातही बहुपदरी नलिका सापडल्या आहेत. जेथे ज्वाला आहे, तेथे त्या थोड्याबहुत निर्माण होतात. या वस्तुस्थितीचा आधार घेऊन, जे निसर्गातच आहे त्याचे भय कसले, अशी मखलाशी कधी कधी केली जाते. पण ॲस्बेस्टॉसही निसर्गातच होते.

ॲस्बेस्टॉसचा उल्लेख आल्यावर तेथे थोडे थांबणे भाग आहे, कारण त्याच्या इतिहासावाचून नलिकांविषयीची शास्त्रज्ञांची चिंता समजणार नाही. इंग्लंडमधील कारखान्यांच्या स्त्री-निरीक्षक लूसी डीन यांनी १८९८ च्या वार्षिक अहवालात या धुळीचे दुष्परिणाम नोंदविले, आणि तिचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहता काचेसारखे धारदार व दंतुर दिसतात, हेही नमूद केले. रासायनिक पृथक्करणाच्या भरीस न पडता एका दक्ष निरीक्षिकेने कणांची आकृती पाहिली आणि तेवढ्यावरून योग्य तो संशय घेतला, याचे मला आजही आश्चर्य वाटते. तो अहवाल दप्तरी दाखल झाला आणि तेथेच राहिला. मेरवेदर व प्राइस यांनी कापड-विभागातील कामगारांची पाहणी करून १९३० साली आपला वृत्तान्त सादर केल्यावर पुढील वर्षी काही नियम झाले, ते धुळीच्या बंदोबस्ताचे. फुप्फुसाच्या कर्करोगाशी असलेला संबंध रिचर्ड डॉल यांनी १९५५ साली दाखविला. वॅग्नर, स्लेग्ज व मार्शां यांनी १९६० साली दक्षिण आफ्रिकेतील केप प्रांताच्या वायव्य भागातून मेसोथेलिओमा या फुप्फुसावरणाच्या दुर्मीळ कर्करोगाची ३३ प्रकरणे प्रसिद्ध केली; त्यांत खाणकामगारांखेरीज, केवळ खाणीच्या आसमंतात राहिलेली, बालपणी त्या धुळीच्या ढिगाऱ्यांजवळून गेलेली माणसेही होती, आणि धुळीशी आलेला संबंध व रोग यांच्यामध्ये कित्येक दशके लोटलेली होती. इंग्लंडमध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवरही बंदी आली ती १९९९ साली. लूसी डीन यांच्या अहवालाला तेव्हा १०१ वर्षे झाली होती.

या दीर्घ दिरंगाईत ज्ञानाची एक गोष्ट मात्र पदरात पडली. ॲस्बेस्टॉस हे सिलिकेट खनिज. पण त्याचा घातकपणा सिलिकेट असण्यात आहे की तंतू असण्यात, याचा शोध घेताना अमेरिकेतील मर्ल स्टँटन व जर्मनीतील फ्रीड्रिख पॉट यांनी सत्तरीच्या दशकात निरनिराळ्या घटकद्रव्यांचे, पण सारख्या मापांचे तंतू प्राण्यांत घालून पाहिले, आणि लांब, बारीक व टिकाऊ असा कोणताही तंतू घटकद्रव्य कोणतेही असले तरी अपाय करतो, असे त्यांना आढळून आले. त्याची उपपत्ती समजण्यास कठीण नाही. श्वासाबरोबर आत आलेल्या धुळीचा फडशा पाडण्यासाठी फुप्फुसाच्या वायुकोशांत भक्षकपेशी सदैव हिंडत असतात. गोल कण सापडला की त्या त्याला वेढून गिळतात आणि घेऊन बाहेरची वाट धरतात. परंतु ह्या पेशीचा स्वतःचा व्यास १०-१५ मायक्रॉन. समोरचा तंतू २० मायक्रॉन लांब आणि वाकण्यास नाखूश असला, तर पेशी त्याला एका टोकाकडून गिळू लागते आणि दुसरे टोक बाहेरच राहते. गिळता येत नाही आणि सोडताही येत नाही, अशा अवस्थेत ती आपली दाहक रसायने बाहेर टाकीत राहते, मदतीला आणखी पेशी बोलावते, आणि दाह चालूच राहतो. असाच तंतू पुढे सरकत फुप्फुसावरणाच्या पोकळीत पोहोचला, तर तेथील द्रव बाहेर नेणाऱ्या अतिलहान छिद्रांशी तो अडकतो. आखूड तंतू त्यातून निघून जातात, लांब तेथेच साचतात. मेसोथेलिओमा नेमका त्याच पडद्यावर का उद्भवतो, याचा खुलासा एडिंबरा येथील केन डोनल्डसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या रीतीने केला आहे.

आता हे सर्व निकष हाताशी घेऊन नव्या नलिकेकडे पाहावे. लांब आहे काय? असू शकते. बारीक आहे काय? ॲस्बेस्टॉसच्या तंतूहूनही बारीक. टिकाऊ आहे काय? तिची कीर्तीच त्यावर आहे. हा संशय शास्त्रज्ञांच्या मनात १९९१ नंतर लवकरच आला, पण त्याची कसून परीक्षा व्हावयास २००४ साल उजाडले, आणि त्या वर्षी दोन निष्कर्ष जवळजवळ एकदमच बाहेर पडले. अमेरिकेच्या नासा संस्थेतील चिउ-विंग लॅम यांच्या गटाने एकपदरी नलिकांचे द्रावण उंदरांच्या फुप्फुसांत सोडले असता गाठी झाल्या, आणि ह्या नलिका काजळीपेक्षा पुष्कळ अधिक, किंबहुना गारेच्या धुळीहूनही अधिक अपायकारक ठरू शकतील, असा इशारा त्यांनी दिला. ड्यूपाँ कंपनीतील डेव्हिड वॉर्हाइट यांच्या गटालाही गाठी दिसल्या, पण मात्रेच्या प्रमाणात नव्हे. शिवाय मोठी मात्रा दिलेल्या उंदरांपैकी १५ टक्के जे दगावले, ते नलिकांच्या गोळ्यांनी श्वासमार्गच बंद झाल्यामुळे, म्हणजे विषाने मेले असे म्हणता येईना. नळीने फुप्फुसात ओतलेले द्रावण आणि कामगाराच्या नाकातून दिवसेंदिवस थोडीथोडी जाणारी धूळ यांत अंतर आहे, हा आक्षेप तेव्हा घेतला गेला आणि तो रास्त होता. तो घेणारांत कारखानदारांचे हितचिंतक होते म्हणून आक्षेपाचे वजन कमी होत नाही.

खरी खळबळ उडाली ती २००८ साली. क्रेग पोलंड, डोनल्डसन आणि त्यांच्या एडिंबऱ्याच्या सहकाऱ्यांनी बहुपदरी नलिकांचे चार नमुने घेतले, दोन लांब व सरळ आणि दोन आखूड अथवा गुंतलेले. तुलनेसाठी लांब व आखूड ॲस्बेस्टॉस आणि साधी काजळी घेतली. आणि उंदरांच्या उदरपोकळीत, जिचा पडदा फुप्फुसावरणाच्याच जातीचा आहे, प्रत्येकाची ५० मायक्रोग्रॅम मात्रा सोडली. सात दिवसांच्या आत लांब नलिकांनी लांब ॲस्बेस्टॉससारखाच दाह आणि गाठी उत्पन्न केल्या. गुंतलेल्या नलिकांनी आणि काजळीने तसे केले नाही. बाभळीचा काटा आणि पिंजलेल्या कापसाचा बोळा यांत पायाला जो फरक कळतो, तोच येथे पडद्याला कळला, असे म्हणावयास हरकत नाही. त्याच वर्षी जपानमधील ताकागी यांच्या गटाने कर्करोगाला सहज बळी पडणाऱ्या विशिष्ट जातीच्या उंदरांत अशा नलिकांमुळे प्रत्यक्ष मेसोथेलिओमा झाल्याचे दाखविले, पण त्यांची मात्रा फार मोठी होती, अशी टीका झाली. पुढे २०११ साली नागोया विद्यापीठातील नागाइ व तोयोकुनी यांनी जाडीचा निकष तपासला. सुमारे ५० नॅनोमीटर जाडीच्या ताठ नलिका पडद्याच्या पेशींत घुसून घातक ठरल्या, १५० नॅनोमीटरच्या जाड नलिका आणि २ ते २० नॅनोमीटरच्या, बारीकपणामुळे गुंतून जाणाऱ्या नलिका तुलनेने निरुपद्रवी ठरल्या. यातील मौज अशी की अधिक बारीक म्हणजे अधिक घातक, हा सर्वसामान्य समज येथे टिकत नाही. फार बारीक झालेली नलिका वाकते, आणि वाकणे हेच तिच्या बाबतीत सौम्यपण ठरते.

श्वासावाटे दीर्घकाळ गेल्यास काय होते, हा उरलेला प्रश्न जपानच्या जैवपरीक्षण केंद्रातील कासाइ व सहकाऱ्यांनी हाती घेतला. एमडब्ल्यूएनटी-७ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाड, सरळ, बहुपदरी नलिका हवेत तरंगत ठेवून त्यांनी उंदरांना दिवसाचे ६ तास, आठवड्याचे ५ दिवस, अशी १०४ आठवडे त्या हवेत ठेवले, आणि २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. घनमीटरमागे ०.२ मिलिग्रॅम व त्यावरील प्रमाणात नरांमध्ये, आणि २ मिलिग्रॅमला माद्यांमध्येही, फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले होते. फुप्फुसावरणाचा मेसोथेलिओमा मात्र आढळला नाही. ज्या ५ मिलिग्रॅमची मुभा ग्रॅफाइटच्या नावावर मिळाली होती, तिच्या पंचविसाव्या हिश्शात हा प्रकार घडला, याकडे वाचकांनी लक्ष द्यावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने, जिचे कार्यालय फ्रान्समधील ल्योंला आहे, २०१४ साली जो निर्वाळा दिला तो म्हणूनच मननीय आहे. तिने 'कार्बन नलिका' म्हणून एक पदार्थ निकालात काढला नाही. एमडब्ल्यूएनटी-७ ह्या एकाच प्रकाराला तिने मनुष्यात कर्करोग करण्याचा संभव असलेल्यांच्या, म्हणजे '२ ब' वर्गात घातले, आणि इतर बहुपदरी नलिका व सर्व एकपदरी नलिका पुराव्याअभावी वर्गीकरणास अपात्र म्हणून तिसऱ्या वर्गात ठेवल्या. वृत्तपत्रांनी याचे दोन अर्थ केले. कोणी नलिकांवर दोषारोप सिद्ध झाला म्हणून लिहिले, कोणी बहुतेक नलिका निर्दोष सुटल्या म्हणून. दोन्ही अर्थ चुकीचे होते, कारण तिसरा वर्ग म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे, आणि एका प्रकाराविरुद्धचा पुरावा साऱ्या कुळाविरुद्धचा पुरावा नव्हे.

कामाच्या जागी परिस्थिती काय असते? अँड्र्यू मेनर्ड यांच्या गटाने २००४ साली कच्ची एकपदरी भुकटी हाताळणाऱ्यांजवळची हवा तपासली, तेव्हा ती घनमीटरमागे ५३ मायक्रोग्रॅमच्या आतच निघाली. पण हातमोज्यांवर मात्र प्रत्येक हातामागे ०.२ ते ६ मिलिग्रॅम भुकटी चिकटलेली होती. भुकटी हलकी, लोकरीसारखी, गुठळ्या धरणारी असल्यामुळे ती हवेत फारशी उडत नाही आणि अंगाला चिकटते, असे त्यावरून दिसले. धोका विशेषेकरून जेथे कोरडी भुकटी ओतली, ढवळली, चाळली वा भट्टीतून खरवडली जाते तेथे. एकदा ती राळेत वा प्लास्टिकात गोठली म्हणजे रॅकेट हातात धरणाराला भिण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या व्यवसाय-आरोग्य संस्थेने, म्हणजे नायॉशने, २०१० च्या मसुद्यात घनमीटरमागे ७ मायक्रोग्रॅमची मर्यादा सुचविली आणि २०१३ साली ती १ मायक्रोग्रॅमवर आणली. ग्रॅफाइटच्या मुभेचा हा पाच हजारावा भाग झाला. हा १ चा आकडा निर्धोकपणाची सीमा म्हणून निवडलेला नसून, त्याहून कमी प्रमाण तत्कालीन पद्धतीने खात्रीने मोजताच येत नव्हते म्हणून निवडलेला आहे, आणि संस्थेने तसे स्पष्ट कबूलही केले आहे; सरकारी कागदात इतका प्रामाणिकपणा क्वचित आढळतो. त्याआधी, २००८ साली, तेथील पर्यावरण खात्याने नलिका म्हणजे ग्रॅफाइट असे गृहीत धरता येणार नाही, असे जाहीर करून त्या जुन्या पळवाटेला पायबंद घातला होता.

नलिका बनविताना लोह, निकेल, कोबाल्ट यांसारखे धातू उत्प्रेरक म्हणून वापरावे लागतात आणि त्यांचा अंश मालात राहतो. म्हणजे प्रयोगात दिसलेला अपाय नलिकेचा की तिच्या पोटातील निकेलचा, ही तक्रार नेहमीच उभी राहते. दुसऱ्या बाजूने, नलिकांचा नाश मुळीच होत नाही, हेही पूर्ण खरे नाही. व्हॅलेरियन कागान यांच्या गटाने २०१० साली दाखविले, की मनुष्याच्या श्वेतपेशींतील मायलोपेरॉक्सिडेझ हे विकर एकपदरी नलिकांचे विघटन करू शकते. पृष्ठभागावर रासायनिक प्रक्रिया करून नलिका आखूड व सुट्या केल्यास ॲस्बेस्टॉससदृश परिणाम टळतो, असेही प्रयोग झाले आहेत. तेव्हा वस्तू सौम्य करून बनविणे अशक्य नाही, फक्त त्यासाठी घातकपणा कशात आहे हे आधी मान्य केले पाहिजे.

पर्यावरणाच्या भागात ग्रंथकारांनी पुष्कळ सामग्री जमविली आहे; मी त्यातील दोन-तीन गोष्टींचाच निर्देश करतो. पाण्यात नलिका आपोआप मिसळत नाहीत, गुठळ्या होऊन तळाशी बसतात, म्हणून नद्यांना भय नाही, असे प्रथम मानले जाई. पण अमेरिकेतील सुवानी नदीच्या, कुजलेल्या पानांच्या अर्काने चहासारख्या तपकिरी झालेल्या पाण्यात घातलेल्या बहुपदरी नलिका महिन्याहून अधिक काळ तरंगत राहिल्या, असे २००७ साली आढळले. त्याच वर्षी पाणपिसू नावाच्या सूक्ष्म जलचराने स्निग्धद्रव्याचे आवरण असलेल्या नलिका गिळल्या, आवरण पचविले आणि उघड्या नलिका बाहेर टाकल्या, असेही दिसले. म्हणजे प्रयोगशाळेतून निघताना जी वस्तू एका रूपात असते, ती ओढ्यात दुसऱ्या रूपात वावरते. शेवाळाची वाढ नलिकांमुळे खुंटते, हे पाहून त्या विषारी ठरविण्यात आल्या होत्या. बारकाईने पाहता खुंटण्याचे बरेचसे कारण त्या काळ्या वस्तूची सावली आणि शेवाळाचे गोळे होणे, हे निघाले. टोमॅटोच्या बिया तर नलिकांच्या सान्निध्यात अधिक लवकर रुजल्या! आणखी एक पेच असा की या नलिका सेंद्रिय प्रदूषकांना आपल्या पृष्ठभागावर घट्ट धरून ठेवतात. गाळणी म्हणून हा गुण, वाहक म्हणून हाच अवगुण. मातीत वा गाळात त्यांचे प्रमाण मोजणे तर फारच दुष्कर, कारण कार्बनमध्ये कार्बन शोधावयाचा असतो.

हवेची गोष्ट निराळी आणि अधिक विचारात पाडणारी आहे. पॅरिसमधील दम्याने आजारी अशा ६४ मुलांच्या श्वासमार्गातून तपासणीसाठी काढलेल्या द्रवाचे नमुने पाहण्यात आले, तेव्हा त्यांत कार्बनच्या नलिका आढळल्या, आणि तशाच नलिका शहरातील मोटारींच्या धुरात व इमारतींवरील धुळीतही होत्या. हे २०१५ साली प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांच्या विध्वंसानंतर मदतकार्य केलेल्या काही रुग्णांच्या फुप्फुसांतही त्या पूर्वी सापडल्या होत्या. या नलिका कोणी कारखान्यात बनविलेल्या नव्हत्या. याचा अर्थ काही जण असा करतात की कारखानी नलिकांची चिंता अनाठायी आहे. मला तो उलटा दिसतो. ज्या फुप्फुसात ही वस्तू आधीच थोडी आहे, त्यात आणखी भर घालण्यापूर्वी हिशेब करावा, असे कोणताही व्यवहारी मनुष्य म्हणेल.

येथे ग्रंथकारांशी असलेला माझा मतभेद नमूद करणे योग्य होईल. स्वीडनमधील केमसेक या संस्थेने २०१९ साली कार्बन नलिकांचे सारे कूळ, वर्जनीय रसायनांच्या आपल्या यादीत घातले, तेव्हा शास्त्रज्ञांत मोठा वाद माजला. सरसकट वर्ज्य ठरविल्याने निरुपद्रवी प्रकारांचे संशोधन थांबेल, असे एक पक्ष म्हणाला, आणि प्रत्येक प्रकाराची स्वतंत्र परीक्षा होईपर्यंत पिढी खर्ची पडेल, असे दुसरा. ग्रंथकार दुसऱ्या पक्षाचे आहेत आणि ॲस्बेस्टॉसचे १०१ वर्षांचे उदाहरण त्यांच्या बाजूने उभे आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु आकृतीवरून दोष ठरतो, हे ज्या पुराव्याने सिद्ध झाले, त्याच पुराव्याने नावावरून केलेली बंदीही तितकीच ढोबळ ठरते. माझ्या मते लांब, ताठ, ५० नॅनोमीटरच्या आसपासच्या नलिकांचे उत्पादन कोरड्या भुकटीच्या रूपात होऊच देऊ नये, आणि इतरांच्या बाबतीत उत्पादकावर आपला माल तसा नाही हे सिद्ध करण्याचा भार टाकावा. कोणता मार्ग सरस, हे वाचकांनी पाचवे प्रकरण वाचून ठरवावे.

आपल्या देशापुरते बोलावयाचे तर, केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नॅनो मिशनच्या वतीने २०१६ साली प्रयोगशाळांसाठी व उद्योगांसाठी हाताळणीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ती चांगली आहेत, पण मार्गदर्शक तत्त्वे म्हणजे हुकूम नव्हे. हुकुमाचा एक नमुना मात्र आपल्याकडे आधीपासून आहे. ॲस्बेस्टॉसच्या कामगारांसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली असा आदेश दिला, की प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे, अथवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपून ठेवावी. चाळीस वर्षांनी प्रकटणाऱ्या रोगाला चाळीस वर्षांचे दप्तर, हा त्यातील विवेक. नलिका हाताळणाऱ्यांना तोच न्याय लावण्यास नवा कायदा करण्याची वाट पाहावी लागू नये.

शेवटी वाचनक्रमाविषयी एक सूचना. ज्यांना सर्व ग्रंथ वाचण्यास सवड नाही, त्यांनी जुन्या बॅटऱ्यांवरचे अकरावे प्रकरण आधी वाचावे. नलिका तयार करणारे कारखाने आपल्याकडे थोडे, पण त्या ज्यांत मिसळलेल्या आहेत अशा बॅटऱ्या लक्षावधी, आणि त्या संपल्यावर मोडीत निघणार त्या येथेच. मोडणीत बॅटरीचे तुकडे करून जी काळी भुकटी निघते, तिला त्या धंद्यात ब्लॅक मास म्हणतात. तिच्यात लिथियम, निकेल, कोबाल्ट असते म्हणून तिला भाव आहे, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी पुनर्प्राप्तीची जी उद्दिष्टे घालून दिली, त्यांमुळे हा धंदा वाढणार आहे. त्याच भुकटीत ग्रॅफाइट असते आणि नलिकाही. विद्युत्‌अग्राचे द्रव्य धरून ठेवणारा चिकट पदार्थ भट्टीत आधी जळतो, नलिका साधारणतः त्याहून अधिक उष्णता सोसतात. म्हणून भट्टीचे तापमान किती, भुकटी ओली करून चाळतात की कोरडी, आणि चाळणाऱ्याच्या तोंडावर रुमाल आहे की गाळणीचा मुखवटा, एवढे तीन प्रश्न त्या प्रकरणात ग्रंथकारांनी विचारले आहेत.